फोटोतली मोकळी जागा

शेडगे फोटोवाल्यांच्या वैजूची पन्नाशी उलटली, तरी फलटणात तिला वैजयंतीबाई म्हणायला कुणी तयार नव्हतं. लग्न झालं तेही गावातल्या गावात, भोईट्यांच्या घरात. त्यामुळं वडील गेल्यावर स्टुडिओ तिनंच पुढं चालवला. नुसता फोटो काढून घ्यायला आता येतंय कोण? काम असायचं ते व्हिडिओचं. कुणाची पंचाहत्तरी, कुणाची सेवानिवृत्ती, कुणाचं वर्षश्राद्ध. लोक पिशवीभर फोटो आणून टेबलावर ओतायचे आणि म्हणायचे, "वैजूताई, छानसं गाणं टाका आणि ग्रुपवर पाठवता येईल असं करून द्या." पूर्वी ती फोटोमागून फोटो लावायची. एक विरला की दुसरा उमटायचा आणि मागं सनई. तिसऱ्या मिनिटाला पाहणारे जांभया द्यायला लागायचे.

मग सांधा आला आणि धंद्याचा नूरच पालटला.

सांधा म्हणजे संगणकावरची एक प्रणाली, आणि तिचं काम सांगायला सोपं. दोन फोटो दिले की त्यांच्या मधलं सांधा भरून काढायचा. एका फोटोत आजोबा खुर्चीत बसलेत, दुसऱ्यात दारात उभे आहेत. सांधा त्यांना खुर्चीतून उठवायचा, चष्मा सारखा करायला लावायचा आणि दारापर्यंत चालवत न्यायचा. त्यासाठी तो त्या माणसाचे असतील नसतील तेवढे फोटो चाळायचा. खांदा कुठला झुकतो, चपलेची टाच कुठल्या बाजूनं झिजलीय, हसताना डोळे मिटतात का, यावरून त्याची चाल आणि लकब ठरवायचा. सावल्यांवरून वेळ काढायचा. मग गाण्याच्या ठेक्यावर सगळं असं बसवायचा की वाटावं, त्या दिवशी कुणीतरी कॅमेरा चालूच ठेवला होता. गेलेलं माणूस वर्षश्राद्धाला भिंतीवरच्या पडद्यावर चालताना पाहून बायका ढसाढसा रडायच्या, आणि डोळे पुसून लगेच पन्नास जणांना पाठवायच्या.

काम सुरू करण्याआधी सांधा एकच प्रश्न विचारायचा: 'फोटोत काही बदल केला आहे का?' वैजयंती न वाचता 'नाही'वर बोट ठेवायची.

फाल्गुनात तिच्या आईचं, प्रमिलाबाईंचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहिलेलं माणूस म्हणजे काही थट्टा नव्हे. गावाला व्हिडिओ करून देणाऱ्या बाईनं स्वतःच्या आईचा करायचा म्हणजे तो जोरातच व्हायला हवा. वैजयंतीनं एकशे चाळीस फोटो निवडले, आणि त्यात आईच्या हॉलमध्ये पंचवीस वर्षं टांगलेला तो मोठा फोटोही घेतला. वैजयंतीच्या स्वतःच्या लग्नातला, सगळ्या घरच्यांचा.

तो फोटो घरातल्या प्रत्येकाला पाठ होता. मंगल कार्यालयाचं अंगण, खाली शहाबादी फरशी, सकाळचं ऊन. मधे नवरानवरी, मग आई, मग बाबा, बाबांच्या पलीकडं थोरला भाऊ हेमंत, त्याच्या शेजारी झेंडूच्या फुलांची भलीमोठी कुंडी, आणि कुंडीच्या पलीकडं मामा. सगळे पैठण्या-फेट्यांत आणि हेमंत एकटा चौकड्यांच्या शर्टात. बाकीच्यांच्या सावल्या डावीकडं, हेमंतची उजवीकडं. कारण हेमंत त्या लग्नाला आलाच नव्हता. बाबांनी नंतर त्याचा कॉलेजातला एक फोटो कापून तिथं बसवला होता.

या धंद्यात हे रोजचंच. मुलगा परदेशात, आजोबा वारलेले, जावई रुसलेला. लोक म्हणतात, तेवढं त्यांनाही बसवा की मधे. याला बदल म्हणायचं हे कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही. माणूस घरचा, फोटो घरचा, मग बदल कसला? वैजयंतीनं सवयीनं 'नाही'वर बोट ठेवलं आणि चहा करायला गेली.

परत आली तेव्हा भिंतीवर तिचं लग्न चाललं होतं. फाटकातून हेमंत आत येत होता, त्याच्या त्या नेहमीच्या जरा पाय ओढत चालण्यानं. बाबांनी त्याला पाहिलं, दोन पावलं पुढं गेले, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं हसले. आईनं पदरानं डोळे टिपले. मामा कुंडीला वळसा घालून आपल्या जागेवर आले आणि सगळे कॅमेऱ्याकडं पाहू लागले. चाळीस सेकंद. वैजयंतीच्या हातातला चहा निवून गेला.

खरं काय घडलं होतं ते ती विसरली नव्हती. तिच्या लग्नाच्या वर्षभर आधी हेमंतनं पुण्यात पल्लवीशी लग्न केलं, जातीबाहेर, घरी न सांगता. बाबा तेव्हापासून त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. वैजूच्या लग्नादिवशी हेमंत आणि पल्लवी फलटणच्या बसस्टँडपर्यंत आले, तिथं तीन तास बसले आणि परत गेले. बहिणीसाठी आणलेली साडी त्यांनी एका रिक्षावाल्याच्या हाती कार्यालयात धाडली. बाबा गेले तेव्हाही हेमंत आला नाही. अग्नी वैजयंतीनं दिला. आता बहीणभाऊ सणासुदीला फोनवर बोलत, आणि आईशी तो 'बरी आहेस ना' याच्या पलीकडं जात नसे.

हे सगळं माहीत असूनही तिनं ते चाळीस सेकंद 'शेडगे परिवार' ग्रुपवर टाकले. आईला बरं वाटेल, एवढंच तिच्या मनात होतं.

आईला बरं वाटलं. इतकं की वैजयंतीला सुरुवातीला स्वतःचं कौतुक वाटलं. प्रमिलाबाई फोन उशाला घेऊन बसायच्या. सकाळी देवपूजा झाली की एकदा, जेवल्यावर दोनदा. वर्षानुवर्षं अर्ध्या भाकरीवर आलेली बाई पुन्हा अख्खी भाकरी खायला लागली. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवायची. आठ-दहा दिवसांनी वैजयंती डबा घेऊन स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर आईकडं गेली तर आई शेजारणीला सांगत होती, "आला की! आला नाही असं कसं? ह्यांनी खांद्यावर हात टाकला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. जिलब्या चापल्या त्यानं चांगल्या चार."

वैजयंती दारातच थबकली. व्हिडिओत जिलबी कुठंच नव्हती.

"आई," शेजारीण गेल्यावर ती म्हणाली, "दादा कुठं आला होता गं लग्नाला? बाबांनी बसवला ना त्याला फोटोत."

"काहीतरीच काय बोलतेस! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी." प्रमिलाबाई हसल्या. "तू नवरी. तुझं लक्ष तरी होतं का कुणाकडं?"

त्याच आठवड्यात वाघमोडे सरांचं प्रकरण झालं. सर निवृत्त मुख्याध्यापक, अडुसष्ट वर्षांचे, आणि पाण्याला जन्मभर घाबरणारे. त्यांचा व्हिडिओ वैजयंतीनंच दोन महिन्यांपूर्वी केला होता. त्यात शाळेच्या सहलीचे दोन फोटो होते: एकात सर धरणाच्या काठावर कोरडे ठणठणीत उभे, दुसऱ्यात होडीत, नखशिखांत भिजलेले. मुलांनी त्यांच्यावर बादल्या ओतल्या होत्या. पण सांध्याला काय ठाऊक? त्यानं सरांना काठावरून सूर मारायला लावला आणि हात मारत होडीपर्यंत पोहत नेलं. सरांनी तो व्हिडिओ अख्ख्या गावाला पाठवला. आणि मंगळवारी सकाळी नगरपालिकेच्या तलावावर गेले आणि बारा फूट खोल बाजूला सूर मारला. दोघांनी उडी टाकून बाहेर काढलं म्हणून वाचले.

दुपारी पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. डॉ. ऋचा वाघमोडे, मेंदूची डॉक्टर. लहानपणी वैजयंतीकडंच पासपोर्टचे फोटो काढायला यायची.

"वैजूमावशी, हे काय करून बसलात तुम्ही?" ती रडकुंडीला आली होती. "बाबांना मी शंभरदा सांगितलं, तुम्हाला पोहता येत नाही. ते म्हणतात, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस."

"अगं पण तो नुसता व्हिडिओ आहे. बघून माणूस विसरतो."

"तिथंच तर चुकतं सगळ्यांचं. तुम्हाला वाटतं आठवण म्हणजे अल्बम. काढला, पाहिला, कपाटात ठेवला. तसं नसतं, मावशी. आठवण हा हातानं विणलेला स्वेटर आहे. जितक्यांदा आठवाल तितक्यांदा मेंदू तो थोडा उसवतो आणि परत विणतो. विणताना जवळ जी लोकर पडली असेल ती आत जाते. स्थिर फोटो पाहताना मेंदूला कळत असतं की हा फोटो आहे. पण हालचाल असली, चेहरा स्वतःचा असला, वर त्या काळातलं ओळखीचं गाणं असलं, की मेंदू म्हणतो, हे माझंच. गाण्यानं आठवण सगळ्यात पटकन उसवते. चार-पाच वेळा पाहिलं की नवी लोकर जुनी होऊन बसते. आणि मग त्याच्या भोवती माणूस स्वतःच चार टाके जास्त घालतो."

"जिलब्या," वैजयंती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. ऋचा, हे परत जागेवर येतं का?"

"कधीकधी. त्या वेळची मूळ वस्तू दाखवली, जशीच्या तशी, तर जुना धागा हाताला लागतो. कधी लागतही नाही. आमच्याकडं आठवड्याला असे चार पेशंट यायला लागलेत, मावशी. एक बाई तर नवऱ्यानं केलेले हाल विसरून त्याच्याकडं परत राहायला गेली."

फोन ठेवल्यावर वैजयंतीनं स्टुडिओचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि डोळे मिटून स्वतःची परीक्षा घ्यायला बसली. ती साडी कशी मिळाली होती? रिक्षावाल्यानं आणली. बरोबर. मग तिला हेमंतदादा का दिसत होता, चौकड्यांच्या शर्टात, 'घे वैजू' म्हणत पुडकं पुढं करताना? तिनं रिक्षावाल्याचा चेहरा आठवून पाहिला. येईना. दादाचा मात्र लख्ख दिसत होता. व्हिडिओ तयार करताना तिनं तो किमान वीस वेळा पाहिला होता.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. भाजीला फोडणी घालताना ती थांबायची आणि स्वतःला विचारायची, बाबा दवाखान्यात शेवटचं काय बोलले होते? ते खरंच बोलले, की त्यांच्या पुण्यतिथीच्या व्हिडिओत ओठ हलले होते? नवरा म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? सगळे खूश आहेत ना?" ती त्याच्यावर विनाकारण खेकसली.

शेवटी तिनं नाशिकला हेमंतला फोन लावला.

"दादा, ग्रुपवरचा व्हिडिओ पाहिलास का रे?"

"ग्रुपचा आवाज मी कधीच बंद करून ठेवलाय. का गं?"

"पाहू नकोस. येतोयस ना आईच्या कार्यक्रमाला?"

"येतोय. पल्लवीच मागं लागलीय, आता म्हातारीचे किती दिवस राहिलेत म्हणून. पण वैजू, खरं सांगू? मी एकाच गोष्टीसाठी येतोय. आईनं स्टँडवर केलेला फोन अजून माझ्या कानात आहे. 'बाबा म्हणतायत, तू एकटा ये. ती बरोबर असेल तर येऊच नको.' पल्लवी शेजारी बसली होती, तिला सगळं ऐकू आलं. पंचवीस वर्षांत एकदाही तिनं मला त्यावरून बोल लावला नाही. बाबा तर गेले. आता आईनं एकदा तिच्यासमोर म्हणावं, चुकलं आमचं. बस, एवढंच. मग मी उरलेलं सगळं विसरायला तयार आहे."

ज्या बाईकडून दोन शब्द ऐकायला तो पंचवीस वर्षं थांबला होता, तिच्या डोक्यातून ती घटनाच आपण पुसून टाकली, हे त्याला सांगायचं कसं?

मूळ वस्तू, असं ऋचा म्हणाली होती. वैजयंतीनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. बाबा जुन्या हार्डडिस्क जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवायचे. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांचं टपोरं अक्षर. 'चि. वैजू लग्न' सापडली. तिला जोडायला वायर मिळेना. ती शेवटी बारामतीच्या एका भंगारवाल्याकडं मिळाली. डिस्क आधी घरघरली, मग थांबली, मग पुन्हा घरघरली, आणि एकेक फोटो उघडायला लागला.

घरच्यांचा तो ग्रुप फोटो अकरा वेळा काढलेला होता. बटण बाबांच्या हाताखालच्या माणसानं दाबलं होतं. प्रत्येकावर वेळ होती: पहिला नऊ वाजून पाच मिनिटांचा, शेवटचा पावणेदहाचा.

बाबांचा, म्हणजे दत्तात्रय शेडगेंचा, ग्रुप फोटो म्हणजे गावात दहशतीचा विषय होता. "एका फरशीला एक माणूस! मधे फट नको!" ते ओरडायचे, आणि कुणी ऐकलं नाही तर स्वतः येऊन पाहुण्यांना खांद्याला धरून सरकवायचे. आमदार असो की वरमाय, फटीला माफी नव्हती. आणि इथं, त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात, अकराच्या अकरा फोटोंत, त्यांच्या शेजारी रिकामी जागा होती. हेमंत नव्हता. कुंडीही नव्हती. उघडी शहाबादी फरशी होती.

वैजयंतीनं फोटो मोठा केला आणि बोटानं मोजल्या. एक फरशी. दोन फरश्या.

तिनं पुन्हा मोजल्या. बाबा एका फरशीवर, मामा चौथ्या. मधे दोन.

मग तिला सगळं उलगडलं. 'एकटा ये' म्हणणारा माणूस दोन माणसांची जागा कशाला ठेवील? आणि चाळीस मिनिटं सगळ्यांना उन्हात उभं कशाला करील? मागून हेमंतला त्या जागी बसवताना पल्लवीला बसवणं त्यांना शक्यच नव्हतं, कारण घरात तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून दुसऱ्या फरशीवर कुंडी. शेवटच्या फोटोत तर बाबा कॅमेऱ्याकडं पाहतच नव्हते. फाटकाकडं पाहत होते. आणि त्यांच्या बाजूला आई मान खाली घालून उभी होती.

'एकटा ये' असं बाबा म्हणालेच नव्हते. ते वाक्य आईचं होतं.

पुढचे तीन दिवस वैजयंतीनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. आई गाणी गुणगुणत होती. झोपेची गोळी सुटली होती. ऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडावरचं हसू आपल्या हातानं काढून घ्यायचं? आणि नाही काढलं, तर दादानं मेलेल्या बापावर डूख धरूनच मरायचं? ती रागानं स्वतःशीच म्हणायची, मला कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?

कार्यक्रम त्याच मंगल कार्यालयात होता. मालक बदलला होता, रंग बदलला होता, अंगणातली शहाबादी फरशी तीच होती. सकाळी आठला हेमंत आणि पल्लवी आले. हेमंतचे केस पांढरे झाले होते. प्रमिलाबाई नवी कोरी हिरवी पैठणी नेसून आतल्या खोलीत बसल्या होत्या. दोघांनी वाकून नमस्कार केला.

"ये रे माझ्या राजा." आईनं त्याची हनुवटी धरली. "आणि ही का पल्लवी? किती गोड आहे गं. हिला वैजूच्या लग्नाला का नाही आणलंस तेव्हा? एकटाच आलास."

हेमंत ताठ झाला. "आई, काय बोलतेस?"

"मी म्हटलं होतं ह्यांना, जोडीनं आले असते तर शोभून दिसले असते."

पल्लवीनं नवऱ्याचा दंड धरला. "जाऊ द्या हो. वय झालंय त्यांचं."

"जाऊ कसं देऊ?" हेमंतचा आवाज चढला. "आई, मी आलो नव्हतो! स्टँडवर बसलो होतो आम्ही दोघं! तू फोन केलास!"

"अरे, असं काय करतोस? वैजे, दाखव गं त्याला तो व्हिडिओ," प्रमिलाबाई कासावीस होऊन म्हणाल्या.

वैजयंतीनं पिशवीतून फोटो काढला. रात्रभर विचार करूनही तिचं ठरलं नव्हतं. ठरलं ते आत्ता, दादाचा चेहरा पाहून. शेवटचा, पावणेदहाचा फोटो तिनं कागदावर मोठा काढून आणला होता. तो तिनं आईच्या मांडीवर ठेवला.

"आई, हा बाबांच्या डिस्कवरचा. त्यांनी काही बसवायच्या आधीचा."

प्रमिलाबाईंनी चष्मा लावला. आधी हसत नवरीवर बोट ठेवलं. मग बोट सरकत स्वतःच्या नवऱ्यापर्यंत गेलं आणि तिथं अडलं.

"हेमंत कुठंय?"

बोट त्या उघड्या फरशीवर फिरत राहिलं, एका फरशीवरून दुसरीवर, परत पहिलीवर. खोलीबाहेर वाढपी पातेली आपटत होते. वैजयंतीला वाटलं, धागा नाही सापडणार. तिला जरा हायसंही वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज वाटली.

"कुंडी मी लावायला सांगितली," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या. "ह्यांनी हेमंतला बसवलं तरी एक जागा उघडीच राहात होती. मला बघवत नव्हती ती. रोज समोर यायची. मी म्हटलं, झाका तेवढी."

"आई..." वैजयंती म्हणाली.

"ते म्हणाले होते, दोघं स्टँडवर आलीत असं कळलंय, फोन कर आणि जोडीनं बोलावून घे. मी बाहेर गेले फोन घेऊन. सगळं माहेर जमलं होतं माझं. लोक काय म्हणतील तेच डोक्यात. मी भलतंच बोलले आणि ह्यांच्या नावावर खपवलं. आत येऊन सांगितलं, निघालेत म्हणून." त्यांनी बोट परत फोटोवर टेकवलं. "ते वाट बघत राहिले रे. चाळीस मिनिटं. मी शेजारी उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. नंतरही नाही. ते जाईपर्यंत नाही."

त्यांनी हात जोडले ते मुलाला नव्हे, सुनेला. "पल्लवी, चुकलं गं माझं. ह्यांचं नाही. माझं."

पल्लवीनं ते हात धरून खाली घेतले. ती रडत होती.

हेमंतनं तो फोटो उचलला. जे ऐकायला तो आला होता ते त्यानं ऐकलं होतं, आणि त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. "मी त्यांना अग्नी द्यायला आलो नाही, वैजू," तो म्हणाला. "त्यांनी जागा ठेवली होती, आणि मी खांदा द्यायलासुद्धा आलो नाही." फोटो हातात घेऊनच तो बाहेर निघून गेला. फाटक वाजलं.

औक्षण झालं. ऐंशी दिवे लागले. प्रमिलाबाईंच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं आणि पाहुण्यांना वाटत होतं, आनंदाश्रू. मग सगळे अंगणात ग्रुप फोटोला उभे राहिले. वैजयंतीनं कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, वेळ लावली आणि ओरडली, "जवळ या! एका फरशीला एक माणूस! मधे फट..."

आईनं पल्लवीला स्वतः हाताला धरून आपल्या शेजारच्या फरशीवर उभं केलं होतं, आणि पल्लवीच्या पलीकडची फरशी कुणालाच घेऊ देत नव्हती. नव्वदीतले मामा सरकायला लागले तर त्यांना म्हणाली, "तिथंच थांब, दादा. ती जागा आहे."

"अगं, पण ऊन लागतंय," मामा कुरकुरले.

"लागू दे."

वैजयंतीनं कॅमेऱ्याची वेळ बंद केली. पंगतीची हाक आली, वाढप्यांनी दोनदा येऊन विचारलं, कुणी डोक्यावर पदर घेतला, कुणी रुमाल. कुणीतरी म्हणालं, "काढून घ्या की. त्यांना नंतर बसवता येईल, वैजूताईच्या हातचा मळ आहे तो." वैजयंतीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही. आई फाटकाकडं बघत उभी होती.

पाऊण तासानं फाटक वाजलं. हेमंत पाय ओढत आत आला. डोळे सुजले होते, शर्ट घामानं भिजला होता. कुणाकडं न पाहता तो रिकाम्या फरशीवर येऊन उभा राहिला. आईनं पल्लवीच्या पाठीमागून हात लांब करून त्याची बाही धरली.

वैजयंतीनं पुन्हा वेळ लावून बटण दाबलं आणि धावत जाऊन आपल्या फरशीवर उभी राहिली.

संध्याकाळी ग्रुपवर विचारणा सुरू झाली, व्हिडिओ कधी टाकताय म्हणून. तिनं जुने चाळीस सेकंद काढून टाकले होते. त्यांच्या जागी तिनं तो एकच फोटो टाकला, गाणं न लावता. टाकण्यापूर्वी मोठा करून पाहिला. सगळ्यांचे डोळे बारीक झालेले, मामा वैतागलेले, आईचं कुंकू घामानं ओघळलेलं. आणि हेमंतची सावली सगळ्यांच्या सावल्या होत्या त्याच बाजूला पडली होती.